शिकायला शहरात आलात आणि बँकेनं खातं नाकारलं, तर

प्रवेश होतो, होस्टेलची खोली किंवा कॉटबेसिसवर जागा मिळते आणि मग बँकेची पाळी येते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं खातं लागतं. घरून मेसचे पैसे यायचे तेही खात्यातच येणार. कॉलेजजवळच्या शाखेत गेलात की काउंटरवरून यांपैकी एखादं वाक्य ऐकू येतं: "स्टुडंट अकाउंट आमच्याकडे नाही." "पत्ता गावचा आहे, तिकडच्याच शाखेत काढा." "दहा हजार ठेवावे लागतील." "सिस्टीम घेत नाही." मागं रांग असते, पुढचा माणूस खिडकीत हात घालत असतो, आणि सतरा-अठरा वर्षांचं पोर कागद गोळा करून बाहेर पडतं.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नागपूर, मुंबई अशा शहरांत शिकायला आलेल्या आणि घरात बँकेची कामं करणारं कुणी नसलेल्या विद्यार्थ्यांना यातलं बहुतेक कुणी सांगत नाही. दिल्ली किंवा बंगळुरूला गेलेल्या मराठी मुलांनाही हेच नियम लागू आहेत, कारण ते रिझर्व्ह बँकेचे आहेत आणि देशभर एकच आहेत.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. काउंटरवर मिळालेलं "नाही" हा बहुतेक वेळा बँकेचा निर्णय नसतो. ते एका कर्मचाऱ्याचं, त्या दिवसाचं, तोंडी उत्तर असतं. बँकेचा निर्णय कागदावर येतो आणि त्याला कारण द्यावं लागतं. या दोन्हींमधलं अंतर ओळखता आलं की अर्धं काम झालं.

खात्याचं नाव नीट घ्या

"स्टुडंट अकाउंट द्या" असं म्हणू नका. विद्यार्थ्यांचं खातं ही प्रत्येक बँकेची स्वतःची योजना असते. काही बँकांकडे ती असते, काहींकडे नसते. काही ठिकाणी ती फक्त ठरावीक कॉलेजांशी करार असेल तरच मिळते. अशी योजना देणं बँकेवर बंधनकारक नाही, त्यामुळे "आमच्याकडे नाही" हे उत्तर खरंही असू शकतं.

मागायचं ते "मूलभूत बचत खातं". बँकेच्या भाषेत त्याला बीएसबीडी खातं म्हणतात, पूर्ण नाव बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१२ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की हे खातं सगळ्या बँकांनी सगळ्यांना उपलब्ध करून द्यायचं. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. एटीएम कार्ड मोफत मिळतं. पैसे कितीही वेळा भरता येतात आणि महिन्यातून किमान चार वेळा काढणं मोफत असतं. हे फक्त गरिबांचं खातं आहे, असं काही कर्मचारी सांगतात. ते चूक आहे. उत्पन्नाची अट नाही, वयाची नाही, व्यवसायाचीही नाही. सरकारी बँक असो की खासगी, केवायसीची, म्हणजे ओळख आणि पत्त्याची, कागदपत्रं पूर्ण असतील तर हे खातं काढून देणं बँकेचं काम आहे.

म्हणून "दहा हजार ठेवा" असं कुणी म्हणालं तर वाद घालायची गरज नाही. "मला साधं सेव्हिंग नको, बीएसबीडी हवं आहे," एवढं शांतपणे सांगा. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत या एका वाक्यानं बोलण्याचा सूर बदलला, कारण समोरच्याला कळतं की याला किंवा हिला नियम माहीत आहे. काही बँकांत साध्या बचत खात्यालाही आता किमान शिल्लक लागत नाही. स्टेट बँकेनं ती अट २०२० मध्येच काढून टाकली. तिथं साधं बचत खातं काढलं तरी चालेल, उलट त्यावर सोयी जास्त मिळतात. चेकबुक किती पानांचं, कार्डाला वर्षाला किती पैसे, हे मात्र विचारून घ्या.

"नाही" का, ते खोदून काढा

इथं घाई करू नका. कारण कळल्याशिवाय पुढची पायरी ठरत नाही, आणि "होत नाही" हे कारण नव्हे. नम्रपणे विचारा: "साहेब, नेमका कुठला कागद कमी पडतो? लिहून देता का?" मॅडम असतील तर तेच. उत्तर बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक निघतं.

पत्त्याचं कारण सगळ्यात जास्त वेळा सांगितलं जातं. आधारवर पत्ता गावचा, तुम्ही राहता शहरात. पण रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत यासाठी सरळ वाट ठेवली आहे. आधारनं ई-केवायसी करताना सध्याचा पत्ता आधारवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल, तर ग्राहकानं स्वतः सही करून तसं लिहून दिलेलं चालतं. त्याला स्वयंघोषणा म्हणतात. एका कागदावर "माझा कायमचा पत्ता अमुक, शिक्षणासाठी सध्या राहतो तो पत्ता तमुक" असं लिहायचं, सही करायची. गावच्या पत्त्यावर खातं काढूनही ते शहरातल्या शाखेत असू शकतं, त्याला नियमानं आडकाठी नाही.

आधार नसेल किंवा वापरायचं नसेल, तर पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉब कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र ही अधिकृत कागदपत्रं चालतात. जॉब कार्डावर राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही हवी. यांवर सध्याचा पत्ता नसेल तर दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल, गॅसबिल, पाणीबिल किंवा मालमत्ता कराची पावती तात्पुरती चालते आणि तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं अधिकृत कागदपत्र द्यावं लागतं. होस्टेलमधल्या मुलाच्या नावानं वीजबिल कुठून येणार? म्हणून विद्यार्थ्याला आधार आणि स्वयंघोषणा हीच वाट सोयीची.

कॉलेजचं बोनाफाईड आणि ओळखपत्र जवळ ठेवा, पण त्यावर विसंबू नका. तुम्ही विद्यार्थी आहात हे त्यातून सिद्ध होतं. केवायसीच्या अधिकृत यादीत मात्र ते बसत नाही. त्यामुळे बोनाफाईड दिलं तरी आधार मागितलं, तर तो बँकेचा आडमुठेपणा नसतो.

अठरा पूर्ण झाली असतील तर आणखी एक करता येतं. होस्टेलमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या पत्त्यावर मतदार म्हणून नोंदणी करता येते. संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो. ते कार्ड आलं की ओळख आणि पत्ता दोन्हींचं काम एका कागदात होतं. मात्र गावच्या यादीत नाव असेल तर ते हलवावं लागतं, एका माणसाची दोन ठिकाणी नोंद चालत नाही.

दुसरं मोठं कारण म्हणजे आधारच अडतं. बोटाचे ठसे जुळत नाहीत किंवा ओटीपी येत नाही. पंधराव्या वर्षी आधारचे ठसे आणि बुबुळं पुन्हा द्यावी लागतात, हे कित्येक घरांत माहीतच नसतं. लहानपणी घेतलेल्या ठशांवर सतरा-अठराव्या वर्षी बँकेचं यंत्र "जुळत नाही" म्हणणारच. आधार केंद्रावर जाऊन आधी हे नूतनीकरण करून घ्या. मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल, किंवा वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर असेल, तर तोही तिथंच बदला. नंबर बदलायला १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये शुल्क आहे. केंद्र अनेक बँकांच्या आणि टपाल कार्यालयांच्या आवारात असतं. शेतात, वीटभट्टीवर काम करून ठसे झिजलेल्या मुलांनाही हा त्रास होतो. अशा वेळी ओटीपीनं किंवा कागदी आधार तपासून केवायसी करण्याची विनंती करा. ठसा जुळला नाही म्हणून खातंच नाही, असं होत नाही.

तिसरं कारण नावाचं, आणि हे खास आपल्याकडचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी: पाटील स्नेहा रमेश. आधारवर स्नेहा रमेश पाटील. पॅनवर नुसतं स्नेहा पाटील. कुठं इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. बँकेची संगणकप्रणाली आधार आणि पॅनवरचं नाव व जन्मतारीख ताडून पाहते आणि फरक पडला की अर्ज परत टाकते. काउंटरवर त्याचंच "सिस्टीम घेत नाही" होतं. क्रम बदलला असेल तर शाखेतले अधिकारी बहुतेक वेळा मार्ग काढतात. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर कागद दुरुस्त करण्यावाचून इलाज नाही. दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा आणि आधार व पॅन त्याप्रमाणे करून घ्या. हाच गोंधळ पुढे शिष्यवृत्तीत, पासपोर्टमध्ये आणि नोकरीतही आडवा येतो, तेव्हा पहिल्याच वर्षी निस्तरलेला बरा. लग्न झालेल्या विद्यार्थिनींचं नाव बदललं असेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडली की जुन्या नावाचं अधिकृत कागदपत्र चालतं. ही तरतूदही नियमांतच आहे.

चौथं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही: त्या बँकेत तुमचं खातं आधीपासूनच असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी गुरुजींनी सगळ्या वर्गाची खाती काढलेली असतात. पासबुक हरवलेलं, खातं विसरलेलं. आता नवा अर्ज भरला की आधारवरून जुना ग्राहक क्रमांक पुढे येतो आणि अर्ज अडकतो. हा नकार नव्हे. जुनं खातं शोधून काढायला सांगा. सज्ञान झाल्यावर नवा फोटो, नवी सही, नवी केवायसी द्यायची आणि तेच खातं चालू करायचं. बंद पडलेलं खातं चालू करायला बँकेला शुल्क घेता येत नाही. शिष्यवृत्तीची आणि सरकारी योजनांची खाती दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय धरू नयेत, असंही रिझर्व्ह बँकेनं सांगितलं आहे. तो नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. "दंड साठलाय, तो भरा" असं कुणी म्हणालं तर या नियमाची आठवण द्या. एकाच बँकेत साधं बचत खातं आणि बीएसबीडी अशी दोन्ही ठेवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. बीएसबीडी काढलं तर दुसरं तीस दिवसांत बंद करावं लागतं.

पॅन नसणं हे कारण होऊ शकत नाही. पॅन नसल्याचं घोषणापत्र भरून देता येतं. बँकेत ते फॉर्म ६० या नावानं ओळखतात. तरीही आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ई-पॅन प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर मोफत मिळतं, ते काढून ठेवा. वय अठराच्या आत असेल तरी अडू नये. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीनं खातं उघडू व चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली आहे, फक्त त्यावरच्या मर्यादा प्रत्येक बँक आपापल्या ठरवते. एखादी शाखा पालकांची सही मागेल. आईवडील गावी असतील तर हे फोनवर आधी विचारून घ्या, म्हणजे त्यांना मजुरी बुडवून उगाच यावं लागणार नाही.

आणि ज्याच्याकडे यांतलं एकही अधिकृत कागदपत्र नाही, त्याचं काय? भटक्या-विमुक्त समाजातल्या, ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांवर ही वेळ येते. त्यांच्यासाठी "छोटं खातं" आहे. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि एक फोटो, एवढ्यावर ते निघतं. शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षाची जमा एक लाखापर्यंत, महिन्याला काढता येतात १० हजार. सरकारी अनुदान जमा होताना शिल्लकेची मर्यादा आड येत नाही. ते बारा महिने चालतं आणि कागदपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने मिळतात. तेवढ्यात आधार किंवा मतदार कार्ड हातात यायला हवं.

दुसऱ्यांदा जाताना

महिन्याची पहिली तारीख, पगाराचा आणि पेन्शनचा आठवडा टाळा. सकाळी शाखा उघडल्यावर लगेच जा. आधार, पॅन किंवा घोषणापत्र, बोनाफाईड, कॉलेजचं ओळखपत्र, दोन-तीन फोटो, स्वयंघोषणा, सगळ्याच्या झेरॉक्स आणि मूळ प्रती एका फोल्डरमध्ये. आधारशी जोडलेला मोबाइल सोबत आणि चार्ज केलेला. तो नंबर घरी आईकडे असेल तर तिला फोनजवळ थांबायला सांगून ठेवा, कारण ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो.

खातं उघडण्याचा अर्ज मराठीत मागा. बँकांचे फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत असावेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. न कळणाऱ्या भाषेतल्या फॉर्मवर "इथं इथं सही करा" म्हणून सह्या करू नका. बऱ्याच वेळा त्यात विम्याचे रकानेही असतात: जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा विमा २० रुपये. दोन्ही योजना वाईट नाहीत, वीस रुपयांची तर घ्यावी असंच मी सांगेन. पण दोन्ही ऐच्छिक आहेत. खात्यात शंभर रुपये असलेल्या मुलाला ४३६ रुपये कापले जाणं परवडत नाही. "विमा घेतलात तरच खातं" असं कुणी म्हणालं तर ते नियमबाह्य आहे.

काउंटरवर पुन्हा नकार मिळाला तर भांडू नका, शाखाधिकाऱ्यांना भेटा. केबिनचं दार वाजवायला बिचकायचं कारण नाही, शाखेत येणाऱ्या माणसाला भेटणं हे त्यांच्या कामाचाच भाग आहे. तिथंही काम झालं नाही तर हे पत्र द्या. आधीच लिहून दोन प्रती नेलेल्या चांगल्या.

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: मूलभूत बचत (बीएसबीडी) खातं उघडण्याबाबत. महोदय / महोदया, मी अमुक महाविद्यालयात प्रथम वर्षात शिकत असून दिनांक अमुक रोजी आपल्या शाखेत बीएसबीडी खातं उघडण्यासाठी आलो होतो / आले होते. आधार, पॅन व सध्याच्या पत्त्याची स्वयंघोषणा सोबत जोडली आहे. खातं उघडता येणार नाही असं मला तोंडी सांगण्यात आलं. कृपया खातं उघडून द्यावं, अन्यथा अर्ज नाकारण्याचं कारण लेखी कळवावं. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत अमुक तारखेला संपत आहे. आपला / आपली विश्वासू."

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोहोच सगळ्यात मोलाची, कारण पुढचा प्रत्येक दरवाजा तिच्यावर उघडतो. पोहोच द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. कारण विचारण्याच्या तुमच्या हक्काला आता भक्कम आधारही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं केवायसीच्या नियमांत सुधारणा करून सांगितलं की कुठलाही अर्ज विचार न करता फेटाळायचा नाही आणि फेटाळलाच तर संबंधित अधिकाऱ्यानं कारणाची नोंद करायची. माझ्या अनुभवात असं पत्र दिल्यावर शाखेतच काम होतं. कारण लिहायची वेळ आली की कारण उरत नाही.

शाखेच्या वर

तरीही काही हललं नाही तर बँकेच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक टिपून घ्या. प्रत्येक बँकेचा तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याचं नाव आणि संपर्क शाखेत भिंतीवर लावलेला असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. २०२१ पासून ही योजना देशभर एकच आहे. सीएमएस नावाच्या पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते. थेट लोकपालाकडे धाव घेऊ नका. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तक्रार तिथंच फेटाळली जाते. आणि तीस दिवस उलटल्यावर मग रेंगाळूही नका. तक्रारीत "सेवेतील त्रुटी" हे शब्द वापरा, तारखा क्रमानं लिहा, पोहोच जोडा. जी बँक तुमच्याशी उद्धट वागली तिच्याबद्दलचा राग दोन ओळींत आटपा. लोकपालाला तारखा आणि कागद हवे असतात.

याहून जवळचा आणि विद्यार्थ्यांना जवळपास अनोळखी असा आणखी एक माणूस आहे: जिल्हा अग्रणी बँकेचा व्यवस्थापक. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक नेमलेली असते, पुण्यात ती बँक ऑफ महाराष्ट्र. जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांमध्ये समन्वय ठेवणं हे या अधिकाऱ्याचं काम. एकट्या मुलानं जाण्यापेक्षा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागानं किंवा वसतिगृहाच्या गृहपालांनी वीस-पंचवीस मुलांची यादी करून पत्र दिलं, तर शाखेचे लोक कॉलेजात येऊन शिबिर लावतात. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांतल्या मुलांनी गृहपालांकडे हा आग्रह धरावाच.

मुदत जवळ आली असेल तर

तक्रारीला वेळ लागतो आणि शिष्यवृत्तीची तारीख थांबत नाही. म्हणून तक्रार चालू ठेवून दुसरीकडे खातं काढा.

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक हा माझ्या मते विद्यार्थ्यासाठी सगळ्यात कमी कटकटीचा पर्याय. टपाल कार्यालयात आधार आणि मोबाइल घेऊन गेलात की खातं निघतं, किमान शिल्लक लागत नाही, आणि सरकारी अनुदान त्यात जमा होतं. पोस्टमनही घरी येऊन काढून देतो. दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ती अडचण क्वचितच येईल.

दिवाळीत गावी जाणार असाल तर तिथल्या शाखेत, जिथं आधारवरचाच पत्ता आहे, खातं काढा आणि शहरातल्या शाखेत हलवून घ्या. एका शाखेत पूर्ण केवायसी झाली असेल तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेनं ती मान्य करायची असते. खरं तर खातं हलवलं नाही तरी एटीएम आणि मोबाइलवर सगळं चालतं; गावातल्या बँकेचं चालू खातं असेल तर नव्याच्या मागं लागूच नका. पण गावातली पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथं वडिलांनी तुमच्या नावानं बचत खातं काढलं असेल तरी शिष्यवृत्ती त्यात येणार नाही.

मोबाइलवर पाच मिनिटांत निघणाऱ्या खात्यांबद्दल सावध करायलाच हवं. नुसत्या आधार ओटीपीवर काढलेल्या खात्यात एक लाखापर्यंतच शिल्लक राहू शकते, आर्थिक वर्षात दोन लाखांपर्यंतच जमा होऊ शकते, आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी केली नाही तर खातं बंद होतं. बरोबर परीक्षेच्या किंवा फी भरण्याच्या काळात मुलांचे पैसे अडकतात. व्हिडिओ कॉलवर अधिकाऱ्यानं कागद पाहून केलेली केवायसी मात्र शाखेत जाऊन केल्यासारखीच धरतात. ॲपमध्ये तो पर्याय असेल तर तोच निवडा.

खातं निघाल्यावर लगेच करायचं

पासबुक मिळालं म्हणजे शिष्यवृत्ती येईलच असं नाही. महाडीबीटीचे पैसे खाते क्रमांक बघून जात नाहीत, आधार क्रमांक बघून जातात. तुमचा आधार ज्या खात्याशी शेवटचा जोडला गेला, त्या खात्यात ते पडतात. त्यासाठी बँकेत "आधार सीडिंग"चा वेगळा फॉर्म भरावा लागतो; केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं, असं नाही. कित्येक मुलांची रक्कम शाळेतल्या त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते आणि ती "शिष्यवृत्ती आलीच नाही" म्हणून चकरा मारत राहतात. आधारच्या वेबसाइटवर लॉगइन करून बँक सीडिंगची स्थिती पाहा. तिथं नव्या बँकेचं नाव आणि स्थिती सक्रिय दिसली की मग महाडीबीटीचा अर्ज भरा.

आणि खातं कुणालाही वापरायला देऊ नका. कॉलेजच्या परिसरात, व्हॉट्सॲपवर, ओळखीच्या सीनियरकडून विचारणा होते: "तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, काढून दे, दोन हजार तुला." कुणी एटीएम कार्ड आणि सिमकार्डच भाड्यानं मागतं. ते पैसे ऑनलाइन फसवणुकीतले असतात. पोलीस त्या पैशांचा माग काढत पहिले पोहोचतात ते तुमच्या नावाच्या खात्यापाशी. खातं गोठतं, त्यातली शिष्यवृत्तीही अडकते, गुन्ह्यात नाव येतं, आणि पुढे दुसरी बँकही दारात उभं करत नाही. विद्यार्थ्यांच्या खात्यांकडे बँका संशयानं पाहू लागल्या आहेत त्यामागं हेही एक कारण आहे, आणि त्याची झळ सरळमार्गी मुलांना बसते. अनोळखी पैसे खात्यात आलेच तर ते कुणालाही "परत" पाठवू नका. त्याच दिवशी शाखेत लेखी कळवा, पोहोच घ्या, आणि फसवणुकीचा संशय असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.